गालावरची साय

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता चारुलता आवटीच्या हनुवटीवरचा शेवटचा केस निघाला. मिरजेच्या दवाखान्यातल्या यंत्राच्या बारीक हाताने तो चिमट्यात धरला आणि अजिबात ओढ न बसता तो मुळासकट वर आला. पडद्यावरचा शेवटचा तांबडा ठिपका हिरवा झाला. यंत्राने हात मागे घेतला.

"झालं," पद्मजा मगदूम म्हणाल्या. "आता आरशात बघ, आणि हसायचं तर हस, रडायचं तर रड. मला पुढच्या पेशंटसाठी खोली पुसायचीय."

चारुलता हसली. रडणं तिने घरी गेल्यावरसाठी ठेवलं होतं.

तिचं वय अडतीस. सांगलीतल्या पूरनियंत्रण कक्षात कृष्णेच्या पातळीवर लक्ष ठेवणं ही तिची नोकरी. आता काठाकाठाने बसवलेली यंत्रंच पातळी मोजत आणि तीच धरणांना निरोप देत. पण खोलीत एक माणूस हवं असा नियम होता, म्हणून ती असे. पावसाळा संपला की दिवसभरात तिच्याशी कोणी बोललंच तर ते पलीकडच्या टेबलावरचे कोळेकर, आणि तेही बहुतेक एसीबद्दल.

सतराव्या वर्षापासून तिला दाढी होती. हा शब्द ती मनातल्या मनातही वापरत नसे. डॉक्टरांनी संप्रेरकांचा घोळ म्हटलं होतं. पुष्कळ बायकांना असतो, औषधांनी थोडा आवरतो, असंही ते म्हणाले होते. रोज पहाटे दार लावून वस्तरा, आणि दुपार कलली की मान खाली. उजेड कुठल्या बाजूने येतो हे पाहून ती खुर्ची निवडायची. कुणाच्याही हळदीला गेली तरी स्वयंपाकघरात कामाला लागायची, कारण तिथे गालाला हळद फासायला कोणी येत नाही.

लग्नाचा विषय तिने स्वतःच बंद केला. कारण सांगितलं नाही.

पद्मजाताईंकडे ती आली तेव्हा त्या हाताने काम करायच्या. इलेक्ट्रोलिसिसची पद्धत जुनी, शंभर वर्षांवरची. केसाच्या शेजारून केसाइतकीच बारीक सुई त्याच्या रंध्रात उतरवायची, केसाचा कल असेल त्याच कलाने, कातडी न टोचता. मग अगदी हलका वीजप्रवाह सोडायचा. मुळाशी असलेल्या खारट ओलाव्याचं त्या प्रवाहाने कॉस्टिक सोड्यात रूपांतर होतं आणि ते मूळ जाळतं. प्रवाह कमी पडला तर केस परत येतो. जास्त झाला, किंवा सुई वर राहिली, तर कातडीच भाजते आणि तिथे खड्डा पडतो. सावळ्या वर्णाला तर साधी सूजही काळा डाग ठेवून जाते.

म्हणून पद्मजाताई एका बैठकीत शेजारशेजारची दोन मुळं कधी घेत नसत. प्रत्येकीला नवी सुई. केस ओढून यायला लागला की थांबायच्या. "ओढून आला म्हणजे मेला नाही, नुसता उपटला," म्हणायच्या. डाव्या हाताच्या दोन बोटांनी गाल ताणून धरायच्या आणि बोटांखालची कातडी गरम लागली की चारुलताने तोंड वाकडं करण्याआधीच प्रवाह बंद करायच्या. दुखायचं खूप. वर्षं जायची.

उपचारानंतरचे नियम कडक होते. ऊन नाही, वाफ नाही, हळद नाही, आणि मुख्य म्हणजे चेहऱ्याला हात नाही. स्वतःचा नाही आणि दुसऱ्याचाही नाही.

"दुसऱ्याचा कुणाचा लागणार आहे?" चारुलता म्हणायची.

"मला काय माहीत, तुझ्या ऑफिसात कोण कोण आहे ते."

"कोळेकर आहेत."

"मग काळजी नाही."

दीड वर्षापूर्वी 'साय' आली.

दुधावर धरावा तितका पातळ, पारदर्शक पापुद्रा. तो चेहऱ्यावर अंथरायचा, की श्वास आत घेतल्यासारखा कातडीला चिकटतो. त्यात हजारो सूक्ष्म संवेदक विणलेले. कातडीचं तापमान, ओल, सूज, सगळं ते क्षणाक्षणाला मोजतात. गरम झालं तिथे साय थंड होते. सोडा वर यायला लागला तर तिथल्या तिथे त्याला निष्प्रभ करते. सुई धरायला यंत्राचा हात. भाजणं नाही, डाग नाही, आणि वेदना तर नाहीच. शेजारशेजारची मुळंसुद्धा एका दमात घेता येतात.

मूळ नेमकं कुठे आहे हे सायीला कसं कळतं, हा तिच्यातला सर्वांत हुशार भाग होता. प्रत्येक केसाच्या मुळाभोवती नसांचा एक बारीक गोफ असतो. केस जरासा हलला तरी तो कुजबुजतो. यंत्र चेहऱ्यावरून हवेची हळुवार झुळूक सोडतं, केस लवतात, नसा कुजबुजतात, आणि साय ती कुजबूज ऐकून मुळाची जागा ठरवते. चूक केसाच्या जाडीइतकीही होत नाही.

पाच वर्षांत हाताने निम्मी हनुवटी झाली होती, तीही मधल्या एका आजारपणानंतर पुन्हा भरत चालली होती. यंत्राने दीड वर्षात सगळा चेहरा साफ केला. पद्मजाताई आता पडद्याजवळ खुर्ची घेऊन बसायच्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"त्वचा उत्तम," त्या मंगळवारी त्यांनी पडद्यावरचं वाचून दाखवलं. "भाजणं नाही, खड्डा नाही, डाग नाही. सुई टोचली तर कळतं, गरम-गार कळतं. शंभरपैकी शंभर. थोडे दिवस हात लावू नकोस, मग तू मोकळी."

नियमाचे दिवस संपल्यावर पहिल्याच रविवारी चारुलता जयसिंगपूरला गेली.

तिथे तिची मावशी राहायची, शिवलीला. चारुलताची आई ती दहा वर्षांची असताना गेली आणि मावशीने तिला वाढवलं, तंबाखूच्या वखारीत पानं निवडून. मावशीची एक सवय होती. मुलगी घराबाहेर निघाली की तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवायचे, मग ते आपल्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडायची. कडाकडा मोडली तर दृष्ट मोठी होती आणि ती गेली, असा हिशेब.

कॉलेजसाठी सांगलीला निघाली त्या संध्याकाळी मावशीने असेच हात पुढे केले, आणि चारुलताने झटकन मान मागे घेतली. सकाळचा वस्तरा संध्याकाळपर्यंत पुरत नसे. मावशीचे हात हवेतच राहिले. त्यानंतर वीस वर्षं मावशी लांबूनच बोटं मोडत आली, आणि मोडली तरी वाजली नाहीत. मावशीने त्या मान हलवण्याचा काय अर्थ लावला, हे चारुलताला पुढे एका मावसभावाच्या तोंडून कळलं. शिकलेल्या पोरीला हाताचा तंबाखूचा वास नकोसा झाला. खरं काय ते सांगायला गेलं तर तो शब्द उच्चारावा लागला असता. तिने नाही सांगितलं.

"आलीस व्हय?" मावशी दारातच म्हणाली. "एस्टीनं? सरकारी गाडी न्हाई देत का तुला?"

"मला कुठली गाडी, मावशी."

"मग एवढं शिकून काय उपेग झाला?" तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "बस. वाळलीस किती. त्या नदीकडं बघून पोट भरतंय काय?"

जेवणं झाली. मावशीने वखारीतल्या जुन्या मैत्रिणींपैकी कोण आहे, कोण गेली ते सांगितलं. निघायची वेळ झाली तेव्हा चारुलता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, दृष्ट काढ ना माझी."

"कोण, मी?"

"तूच. अशी लांबून नको. पहिल्यासारखी."

मावशीने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ती मोरीत गेली. नळ सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. साबणाचा वास बाहेर आला. पदराला हात पुसत ती आली, आणि येता येता तिने चोरून तळवे हुंगले.

चारुलताने डोळे मिटले.

हात लागले हे कळलं. उजव्या हाताचं वजन डाव्याहून जास्त आहे, हे कळलं. तळव्यांची ऊब कळली, अंगठ्याची चीर कळली. ऑफिसच्या पडद्यावर नदीची पातळी दिसावी तसं सगळं दिसलं, पण पाण्याचा गारवा पडद्यातून हाताला लागत नाही. लहानपणी हे हात फिरले की गालापासून पोटापर्यंत काहीतरी सैल व्हायचं. ते आता येईल, मग येईल, म्हणून ती थांबली. बोटं मोडल्याचा आवाज आला. चांगली कडाकडा मोडली होती. तिने डोळे उघडले.

तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. मावशीने हात पदराखाली घेतले.

"येतोय न्हवं, वास?"

"नाही गं मावशी!"

"दोनदा धुतलं. वखार सोडून इतकी वर्सं झाली, पर जात न्हाई मेला." ती आत वळली. "जा आता, एस्टी चुकंल."

मिरजेत पद्मजाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून मऊ केसांचा कुंचला काढला, मेकअपचा असतो तसा.

"डोळे मीट. फिरवीन. कसं वाटतं सांगायचं, कुठे ते नको."

कुंचला मनगटाच्या वर फिरला.

"छान," चारुलता म्हणाली. "गुदगुल्या नाहीत, पण... छान."

"आता?"

"काहीतरी गालावरून गेलं."

"कसं वाटलं?"

"गेलं."

पद्मजाताईंनी कुंचला ठेवला आणि स्वतःचा तळवा तिच्या गालावर ठेवला. दीड वर्षात पहिल्यांदाच. तळवा हळूहळू कानाकडे नेला, पुन्हा आणला. "आणि हे?"

"ताई, तुमचा हात आहे हे मला माहीत आहे. पण माहीतच आहे, फक्त."

त्या आठवड्यात पद्मजाताईंनी यंत्रावर उपचार झालेल्या बायकांना एकेक करून फोन केले. सगळ्यांचं उत्तर सारखं, छान आहे, तक्रार नाही. मग त्यांनी प्रश्न बदलला.

"काय विचारलंत?" चारुलताने विचारलं.

"चेहऱ्याला कुणी मायेने हात लावतं का, आणि लावला तर कसं वाटतं. निम्म्यांनी फोन ठेवून दिला. एक म्हणाली, बाई, तुम्ही केसं काढता की घरं फोडता?" त्या हसल्या नाहीत. "कुपवाडची एक आहे, लग्नाला दोन वर्षं झालेली. ती रडायलाच लागली. म्हणाली, मला वाटलं माझं नवऱ्यावरचं मन उडालं. चार महिने माहेरी येऊन बसलीय."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांना कळायचा प्रश्न आला नाही. मी माझा वरचा ओठ याच यंत्रावर केलाय, वर्ष होऊन गेलं. मला तरी कुठे कळलं?"

साय बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतले संशोधक डॉ. निमिष केतकर पडद्यावर आले. तरुण होते, डोळ्यांखाली काळं होतं, आणि काही लपवत नव्हते. स्पर्शाच्या नसा दोन जातीच्या, ते म्हणाले. वेगवान नसा काय लागलं, कुठे, किती जोरात, ते सांगतात. दुसऱ्या संथ. त्या फक्त केसाळ कातडीत असतात आणि फक्त हळुवार, कोमट, माणसाच्या हाताच्या चालीने फिरणाऱ्या स्पर्शाला जाग्या होतात. त्या जागेची बातमी देत नाहीत. बरं वाटतं, तेवढंच सांगतात.

"आणि मुळाभोवतीच्या गोफात या संथ नसाही असतात," चारुलता म्हणाली.

"हो. साय त्यांचीच कुजबूज ऐकून नेम धरते. हाताने करताना सोडा तळाशी राहायचा, गोफ वर असायचा, वाचायचा. आमचा नेम इतका अचूक झाला की गोफच जळाला."

"चाचण्यांत कळलं नाही?"

"भाजणं, खड्डे, डाग, वेदना, तापमान, सगळं तपासलं. हे तपासायचं कुणाला सुचलं नाही. शिवाय सगळ्यांना चेहऱ्याला हात लावू नका म्हणून सांगितलेलं असायचं. सगळ्यांनी नियम पाळला."

"परत येतील?"

"नस एकटी वाढत नाही. तिला गुंडाळायला जिवंत मूळ लागतं." त्यांनी घसा साफ केला. "आमच्याकडे एक लेप आहे. कातडीतल्या मूळपेशींना पुन्हा केस उगवायला लावतो. प्राण्यांत नव्या मुळाभोवती नस आली. माणसांत अजून कुणावर वापरलेला नाही. केस येतील, हे मी जवळपास खात्रीने सांगतो. पूर्वीसारखेच, काळे, जाड. नसेचं सांगू शकत नाही. आणि त्या केसांना पुन्हा कधी सुई लावता येणार नाही. नवी नस कोवळी असते, मूळ गेलं की तीही गेली."

"म्हणजे दाढी नक्की, बाकी नशीब," पद्मजाताई म्हणाल्या.

चारुलताने तो शब्द मोठ्याने ऐकला. खोलीत काही पडलं नाही, काही फुटलं नाही.

निर्णयाआधी ती पुन्हा जयसिंगपूरला गेली आणि तिने मावशीला सगळं सांगितलं. पहिला वस्तरा, बंद दार, स्वयंपाकघरातल्या हळदी. ती संध्याकाळ. त्या शब्दासकट सांगितलं. मावशी उंबऱ्यात बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने चारुलताची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"कुठाय?"

"काढली, मावशी. यंत्राने. सगळी गेली."

"आणि त्या दिवशी मी हात लावला तर तुला लागला, पर लागला न्हाई."

"हो."

"गुळगुळीत हाय की गाल. लोण्यावानी." मावशीने हनुवटी सोडली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "बाई, मला बरं वाटावं म्हणून एवढी मोठी गोष्ट रचू नको. वासाचं मी कवाच मनाला लावून घेत न्हाई. चहा ठिवू?"

एस्टीत बसल्यावर चारुलताने गालाला हात लावला. गुळगुळीत होता. तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पद्मजाताईंना फोन केला.

"कुठे लावायचा लेप?" त्यांनी विचारलं. "कानामागे लावू एवढासा. केसांखाली झाकून जाईल."

"कानामागे कुणी हात फिरवत नाही."

"चारू, ऐक माझं. तू पाच वर्षं माझ्या सुईखाली ओरडलीस. त्यानंतर हे दीड वर्ष. सगळं पाण्यात घालतेस."

"उजव्या गालावर लावा. सबंध."

"मी लावीन," पद्मजाताई म्हणाल्या. "यंत्राला नाही लावू देणार. हाताने लावीन."

लेप लावला. पहिला पंधरवडा नुसती लाली होती. केतकर दर दोन दिवसांनी पडद्यावर यायचे आणि नम्रपणे निराश होऊन जायचे. चारुलता ऑफिसला जायची, नदी उतरत होती, यंत्रं धरणांशी बोलत होती. एके सकाळी आंघोळ करताना तिच्या बोटाला गालावर काहीतरी खरखरीत लागलं. तिने वस्तऱ्याच्या डबीकडे पाहिलं आणि डबी तिथेच राहू दिली.

ऑफिसात कोळेकरांनी तिच्याकडे पाहिलं, मग एसीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"मॅडम, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"काही नाही," कोळेकर म्हणाले. "चोवीसवर ठेवू की पंचवीसवर?"

"पंचवीसवर."

चारुलताने खुर्ची उजेडापासून वळवली, आणि थोड्या वेळाने पुन्हा होती तशी केली.

संध्याकाळी तिने मावशीला फोन करून रविवारी येते म्हणून सांगितलं. का, ते मावशीने विचारलं नाही. "ये" म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी सायंकाळी मिरजेत तपासणी झाली. उजव्या गालावर, कानशिलापासून जबड्याच्या कडेपर्यंत, काळे केस आले आहेत. पद्मजाताईंनी कुंचला सहा वेळा फिरवला. चारुलताने पाच वेळा "गेलं" असं सांगितलं. सहाव्या वेळी ती काही बोलली नाही. विचारल्यावर, सांगता येत नाही, म्हणाली. सायीवर नसेचा संकेत उमटलेला नाही. केतकरांच्या मते हे अजून लवकर असू शकतं, किंवा उशीर झालेला असू शकतो. पुढची तपासणी सोमवारी आहे. जयसिंगपूरची एस्टी रविवारी सकाळी साडेसातला सुटते, आणि तिचं तिकीट चारुलताने काढलं आहे.